यंदा शाळेची समिती बिनविरोध होऊ देऊ नका

प्रति,
जिल्हा परिषदेच्या शाळेत लेकरं घातलेल्या आमच्या डोंगरपट्ट्यातल्या सगळ्या आया-बापांना,

राम राम.

शाळा उघडल्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या सध्या गावी आहेत, पेरण्या उरकत आल्यात. ज्या शाळांच्या समितीची दोन वर्षं भरली तिथून निरोप निघायला लागलेत, की पालक सभा आहे, शाळा व्यवस्थापन समिती निवडायची आहे, सह्या करायला या.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. आदल्या रात्री पारावर चार-पाच जण बसतात. मागच्या खेपेला वरच्या आळीचा अध्यक्ष होता, यंदा खालच्या आळीला द्या. अमक्याला सोसायटीच्या निवडणुकीत माघार घ्यायला लावली होती, त्याचं इथं भागवून टाका. सकाळी गुरुजी कागदावरची नावं वाचतात, कुणीतरी "अनुमोदन" म्हणतं, टाळ्या पडतात, नारळ फुटतो. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फेटा बांधलेला फोटो येतो आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, "बिनविरोध निवड". गावात एकी आहे म्हणून बिनविरोध झालं, असं मानायची आपल्याला सवय लागलीय. मला त्यात एकी दिसत नाही. ज्यांची लेकरं शाळेत आहेत त्यांना कुणी विचारलंच नाही, एवढंच दिसतं.

मी गावात आशा सेविका म्हणून आरोग्याचं काम करते आणि माझी मुलगी याच शाळेत चौथीत आहे. कामामुळे प्रत्येक उंबऱ्याला जाते. लसीकरणाची तारीख सांगायला गेलं तरी बोलणं फिरून शाळेवर येतं. लेकराला जोडाक्षर येत नाही, संडासाला पाणी नाही, पोर खिचडी खात नाही, गणवेश कमरेत बसत नाही. हीच माणसं सभेच्या दिवशी भिंतीला टेकून गप्प उभी असतात. बायका तर बाहेर व्हरांड्यातच.

म्हणून हे पत्र. यंदा निवडणूक होऊ द्या, आणि मत कुणाला द्यायचं ते पारावर न ठरवता आपापल्या घरात ठरवा.

आधी समिती म्हणजे काय ते नीट बघू, कारण तिला आपण झेंडावंदनाच्या खुर्चीपुरती करून ठेवलीय. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 21 व्या कलमात ही समिती आहे. सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश आई-वडील किंवा पालकच असले पाहिजेत. निम्म्या जागा बायकांना. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या लेकरांच्या प्रमाणात जागा. आपल्या राज्यात समिती साधारण 12 ते 16 जणांची असते, ग्रामपंचायतीचा एक सदस्य, एक शिक्षक, एक जाणकार माणूस तिच्यात येतो, मुख्याध्यापक सचिव असतात आणि अध्यक्ष मात्र पालकांमधूनच होतो. सरपंच आपोआप अध्यक्ष, माजी अध्यक्ष कायमचा मार्गदर्शक, असलं काही कायद्यात नाही. ज्याचं पोर पिवळ्या बसमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातं, त्याला पालक म्हणून इथं उभंच राहता येत नाही. तो कितीही मोठा असो, कायद्याला या शाळेत नाव असलेल्या लेकरांचे पालक हवेत.

प्रमाणात जागा, या दोन शब्दांवर जरा थांबा. पटावरची निम्मी लेकरं तांड्यावरची आणि समितीत तांड्याचा एकच माणूस, तोही यादीत अगदी शेवटी, अशी समिती मी जवळच्याच गावात पाहिलीय. सभेत उठून एवढं विचारायला कुणाची भीती नको : पटावर कोणत्या वस्तीची किती लेकरं आहेत आणि यादीत त्या वस्तीची किती नावं आहेत?

समितीची कामं कायद्यात लिहिलीत. शाळा कशी चालते यावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं, आणि सरकारकडून किंवा दुसऱ्या कुठूनही आलेला पैसा कसा खर्च होतो ते बघणं. शाळेच्या बँक खात्याला मुख्याध्यापकाच्या जोडीला अध्यक्षाची सही लागते. या सहीमुळे अध्यक्षाचं पद मानाचं न राहता जबाबदारीचं होतं.

पैसा किती, तर ऐंशीच्या आसपास पट असलेल्या शाळेचं गणित मांडते. समग्र शिक्षा योजनेत 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 25,000 रुपये ठरलेलं आहे. त्यातच खडू-फळा, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. गणवेशाचे एका लेकराला 600 रुपये, म्हणजे सगळ्या ऐंशी लेकरांचे 48,000. लाखाच्या आतला हा व्यवहार. आमदार निधीच्या रस्त्यापुढे काहीच नाही, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही. पण गणवेशाचं कापड पातळ निघालं तर थंडीत कुडकुडणारं लेकरू आपलंच असतं.

गणवेशाची गोष्ट तर ताजीच आहे. 2024-25 च्या वर्षात सरकारने ठरवलं की सगळ्या राज्याला एकच गणवेश, कापड वरून येईल, शिवून बचत गट देतील. शाळेच्या पातळीवर खरेदी नाही. काय झालं ते आपण बघितलंय. कित्येक शाळांत अर्धं वर्ष सरलं तरी गणवेश आले नाहीत, आले ते मापाचे नव्हते. राज्यभर ओरड झाली, आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवला. खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. म्हणजे कापड कुठलं, शिलाई कुणाकडे, पावती कुणाच्या नावावर, हे आता गावातच ठरतं. ज्या समितीला सभेचं इतिवृत्त वाचायचा कंटाळा, ती हे ठरवणार का दुकानदार ठरवणार?

आता तांदूळ. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या लेकराला 150 ग्रॅम. समजा हजर साठ लेकरं आणि वहीत ऐंशी. वीस ताटांचा फरक, लहान लेकरांच्या मापाने दोन किलो रोज. पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस शाळा भरावी लागते, म्हणजे 400 किलो. चार क्विंटल तांदूळ एका शाळेत, एका वर्षात. आमच्या शाळेत असं होतं असं मी म्हणत नाही. होतं की नाही ते कळायची एकच रीत आहे. मधल्या सुट्टीत अचानक जाऊन ताटं मोजायची आणि वही बघायची, दहा मिनिटांचं काम. ते करायला पदवी लागत नाही, फेटा तर नाहीच नाही.

अंड्याचंही असंच. नोव्हेंबर 2023 पासून आठवड्याला अंडं मिळायला लागलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा पैसा बंद केला आणि लोकसहभागातून, समितीच्या मदतीने द्या म्हणून कळवलं. ऊसतोडीच्या घरातल्या लेकरांची वजनं मी घेते, त्यामुळे हा निर्णय मला पटलेला नाही, आणि त्याविरुद्ध वर लिहायला पाहिजे असंच माझं मत आहे. पण तोवर आपल्या गावात अंडं शिजणार की नाही, हे समिती ठरवते. आणि लोकसहभाग म्हटलं की आपल्याकडे पंखे आणि भोंगे येतात. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर "सौजन्य" आणि खाली नाव. एका पंख्याच्या पैशात किती आठवड्यांची अंडी होतील, हे विचारणारा सदस्य मला हवाय.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते हंगामी वसतिगृहावर.

दसरा-दिवाळीच्या पुढेमागे आपल्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, पुणे, काही थेट कर्नाटकात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, थांबता येत नाही. लेकरू एकतर उसाच्या फडावर जातं, नाहीतर आजी-आजोबांजवळ राहतं. राहिलं तर त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय म्हणून हंगामी वसतिगृह असतं, आणि ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फतच चालतं. कुठलं घर निघणार, कुणाचं लेकरू मागे राहणार, याचा सर्वे होतो, यादी बनते, ठराव होतो, प्रस्ताव वर जातो. यादी उशिरा गेली की मंजुरी उशिरा, आणि मंजुरी येईस्तोवर टोळी निघून गेलेली असते. लेकराला मागे ठेवायची मनाची तयारी झालेली आई ऐन वेळी त्याला ट्रकमध्ये बसवते. ते लेकरू मग फडावर धाकट्याला सांभाळतं, उसाचे वाढे गोळा करतं, आणि कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर गावी येतं तेव्हा वर्गात त्याला काही उमगत नाही. एकदा असं झालं की पुढच्या वर्षी ते शाळेत बसायला लाजतं. दोन हंगाम गेले की सुटतंच. पोरीचं तर लग्नच लावून टाकतात. आशा म्हणून मला त्यापुढचंही दिसतं.

म्हणून माझी अट एकच आहे. ज्या शाळेतून कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी निघतात त्या शाळेच्या समितीत कोयत्यावर जाणारी माणसं पाहिजेत. नावापुरती एक-दोन नको, लेकरांच्या प्रमाणात.

यावर लगेच उत्तर येतं, आणि ते मला नीट माहितीय. "ती सहा महिने गावातच नसतात, मासिक सभेला कोण येणार?" गोष्ट खरी आहे. सभा महिन्याला घ्यायची असते, आणि नोव्हेंबर ते एप्रिल ती माणसं शंभर-दोनशे कोसांवर असतात. पण मग असं बघा. वसतिगृहाचा सर्वे, यादी, ठराव हे सगळं टोळ्या निघायच्या आधी होतं, जेव्हा ती इथंच असतात. गणवेशाची खरेदी शाळा उघडताना होते, तेव्हाही इथंच असतात. हिवाळ्यात आपल्याच लेकराच्या ताटात काय पडतं, हे विचारायला फोन आहे, आणि फडावरून फोन करणाऱ्या आईइतकी चौकशी गावात बसलेला कुणी करत नाही. शिवाय जागा बारा-सोळा आहेत. निम्मे जाणारे घ्या, निम्मे राहणारे. ज्या घरात आजी-आजोबाच लेकराला सांभाळतात, तिथं पालक म्हणून त्यांचा विचार करता येईल का, हेही सभेत मांडा. सगळे राहणारेच घेतले तर वसतिगृहाचं पत्र आलं कधी आणि मुदत गेली कधी, हे जाणाऱ्यांना ट्रकमध्ये बसल्यावर कळेल. आणि लेकरू सोबत न्यावंच लागलं, तर शिक्षण हमी कार्ड घेऊनच निघायचं असतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं, एवढं तरी आठवण करून देणारं कुणीतरी समितीत असावं.

वसतिगृह सुरू झालं म्हणजे झालं, असंही नाही. पटावर लेकरं आणि ताटावर नाहीत, हा धोका तांदळासारखाच तिथंही असतो. तिथल्या संध्याकाळच्या जेवणाला कोण जाऊन बसेल, याचा विचार करून मत द्या. रात्री सात वाजता शाळेत जायची तयारी कुणाची आहे? मला तर सभेत हा एकच प्रश्न विचारावासा वाटतो, बाकी भाषण नको.

उमेदवार कसलीकसली वचनं देतील. "त्या मास्तराची बदली करतो." समितीला तो अधिकारच नाही, बदल्या जिल्ह्याच्या पातळीवर ऑनलाइन होतात. "शिक्षक वाढवून आणतो." शिक्षक पटावर ठरतात, साठ लेकरांपर्यंत दोन, त्यापुढे नव्वदपर्यंत तीन, असं पहिली ते पाचवीसाठी कायद्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षक कमी असेल तर ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवणं, पोच घेणं, पुन्हा जाणं, एवढं समिती करू शकते, आणि ते थोडं नाही. "सेमी इंग्रजी आणतो" म्हणणाऱ्याला विचारा, शिकवणार कोण? "शाळेला गेट बांधतो." बांध बाबा, पण आधी पोरींच्या संडासात पाणी आण.

गुरुजींविरुद्ध हे पत्र आहे असं कुणी समजू नये. जनगणना, आपत्ती, निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम त्यांना देऊ नये असं कायदाच म्हणतो, तरी दिवसभर कसली ना कसली माहिती भरताना मी त्यांना बघते. दोन शिक्षकांच्या शाळेत एक तालुक्याला बैठकीला गेला की दुसऱ्याने पाच वर्ग कसे सांभाळायचे, याचा आवाज समितीनेच उठवायला पाहिजे. चांगल्या शिक्षकाला कडक समिती हवी असते. तिची अडचण कुणाला होते, ते तुम्हाला सांगायला नको.

आता बायकांबद्दल. निम्म्या जागा आपल्या आहेत, आणि कागदावर त्या भरलेल्याही असतात. सभेला मात्र नवरा जातो, वही घरी येते, सही घरी होते. मी काही घरांत विचारलं तर त्या बाईला आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. असं नाव घालू नका. पहिलीत जाणाऱ्या लेकरांसाठी शाळेत मेळावा भरतो, तिथं मातांचे गट केलेले असतात. त्या गटातल्या दोन-तीन बाया गेलं वर्षभर लेकरांचा अभ्यास घेतायत, सगळ्या आळीला माहीत आहे. त्यांना उभं करा. "ती बोलत नाही" म्हणता, तर तिला बोलायची वेळ कधी दिली? आणि सासऱ्याने नाही म्हटलं तर मला सांगा, मी बोलते त्यांच्याशी. बाळंतपणाला त्याच घरात रात्री दोन वाजता गेलेली आहे मी, एवढं तरी ऐकतील.

मत कसं द्यायचं, तर हात वर करून नको. गावात हात वर करणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता. ज्याच्या ट्रॅक्टरने पेरणी झाली, ज्या मुकादमाची उचल अंगावर आहे, जो सोसायटीचं कर्ज मंजूर करतो, तो समोर बसलेला असताना त्याच्या भाच्याविरुद्ध हात कुणाचा वर होईल? कायद्याच्या 21 व्या कलमात हात वर करायची पद्धत कुठंही सांगितलेली नाही. चिठ्ठ्या घ्या. वहीचे कागद फाडा, शाळेतलाच डबा घ्या, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक नावापुढे एक चित्र काढा, चौथी-पाचवीची लेकरं हौसेने काढून देतील. मोजणी सगळ्यांसमोर फळ्यावर. अर्ध्या तासात होतं. मुख्याध्यापकांना सभेच्या दोन दिवस आधी पाच-दहा पालकांनी मिळून हे लेखी द्या आणि पोच घ्या. ऐन वेळी उठून बोललं की "वेळ नाही" म्हणतात.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा समितीसाठी गावात वैर कशाला? ग्रामपंचायतीला वैर होतं, सोसायटीला होतं, दूध संघाला होतं, ते आपल्याला चालतं. शाळेचं नाव निघालं की गावाची शांतता आठवते. शिवाय या समितीला एवढीशी म्हणायचं कारण नाही. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली आणि पुढे कितीतरी काळ तिथं प्रशासक बसले. शाळा जिल्हा परिषदेची, आणि जिल्हा परिषदेत आपण निवडून दिलेला माणूसच नाही, अशी ती वर्षं होती. त्या काळात शाळेच्या पैशावर आणि कामावर लक्ष ठेवायला कायद्याने बसवलेले पालक फक्त याच समितीत होते. ती आपण नारळ फोडून मोकळी केली.

कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा 2023 पासून चालूच आहे. वीसच्या आत पट असलेल्या वस्तीशाळांच्या पालकांनी तर मत देताना हेही बघावं, की उद्या तसं पत्र आलं तर ते वाचून, ओढ्याला पूर येतो तेव्हा लेकरं पलीकडे कशी जाणार, हे लेखी मांडणारं कोण आहे. वाचता येणारा हवा, असं नाही. न वाचता सही करणार नाही, असा हवा.

आमच्या शाळेची सभा येत्या शनिवारी सकाळी साडेनऊला आहे. मी स्वतः उभी नाही, कारण माझं काम घरोघरी फिरायचं आणि मला कुणाच्या बाजूची म्हणवून घ्यायचं नाही. पण ताटं मोजायची तयारी असलेल्या तीन बाया आणि कोयत्यावर जाणारे दोन बाप यांनी नावं द्यायचं कबूल केलंय. तुमच्या गावातही अशी माणसं असतील. सभेच्या आत त्यांच्या घरी जा, आणि शुक्रवारी रात्री पारावर बोलावलं तर घरी जेवण चालू आहे म्हणून सांगा.

तुमचीच,
इयत्ता चौथीतल्या एका मुलीची आई